नाकातली दुर्बीण

मध्यंतरी नाशिकला जाऊन नाक दाखवून आलो. सुरगाण्याच्या पावसात जन्म गेला, सर्दी म्हणजे घरचीच. कपाळ दुखलं की वाफारा, सुंठ-वेखंडाचा लेप आणि स्वतःच्या मनाने घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्या. वीसेक वर्षं असंच चाललं. चूक माझीच.

डॉक्टरांनी आधी बधिर करणारा फवारा मारला, मग ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत घातली. पाच मिनिटांचं काम. पडद्यावर स्वतःचंच नाक पाहिलं! सायनसच्या तोंडाशी सोललेल्या द्राक्षासारखा मऊ कोंब. वाटच बंद, गोळ्या काय करणार?

पूर्वी गालाच्या पोकळीला भोक पाडून ती धूत. पण ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मेसरक्लिंगर यांनी दाखवलं, की आतले सूक्ष्म केस शेंबूड मूळ तोंडाकडेच ढकलतात. भोक दुसरीकडे पाडून उपयोग नाही. (शाळेला कितीही फाटकं ठेवा, पोरं कुंपणाच्या सवयीच्या फटीतूनच जाणार. तसंच हे.) त्यांचं पुस्तक १९७८ चं.

लगेच ऑपरेशन करा असं मी म्हणत नाही. मलाही तूर्त मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्टिरॉइडचा फवाराच आहे. पण तीन महिने सर्दी हटत नसेल तर आत डोकावलंच पाहिजे. २०२१ च्या काळ्या बुरशीत याच दुर्बिणीने रोग ओळखला जात होता. महिन्यातून एक दिवस तरी ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात यावी. मजुरी बुडवून नाशिकला कोण जाणार?

असो. काल बऱ्याच दिवसांनी नागलीच्या भाकरीचा वास आला. सौ.ला सांगितलं तर म्हणाली, "करपली होती ती."