घर बदलताना मुक्या जिवाला रस्त्यावर सोडू नका



मीरा-भाईंदरमध्ये आपली कितीतरी कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. अकरा महिने भरत आले की पुन्हा एजंटाच्या दुकानाची पायरी चढावी लागते. माणसे किती, आडनाव काय, मटण-मासळी खाता का, हे प्रश्न झाले की शेवटचा प्रश्न येतो : घरात कुत्रे-मांजर आहे का? 'आहे' म्हटले की दाखवायला काढलेली किल्ली परत खिशात जाते. मग घरी रडारड. पोरे मोत्याला सोडायला तयार नसतात आणि बापाला महिनाअखेर खोली खाली करून द्यायची असते. शेवटी एखाद्या रात्री ते जनावर कुठेतरी लांब नेऊन सोडले जाते. आज आम्हाला यावरच लिहायचे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आडनाव विचारून घर नाकारणे आणि कुत्रा पाहून घर नाकारणे, ही दोन्ही आम्ही एका मापाने मोजत नाही. 1917 साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. पारशी सराईत नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. तो माणसाच्या माणूसपणाचा अपमान होता. कुत्र्याबाबत मात्र घरमालकाची अडचण खरी असू शकते. दारे ओरबाडली जातात, शेजारचे मूल घाबरते. तरीही नुसते निमित्त कोणते आणि खरे कारण कोणते, हे ओळखता आले पाहिजे. 'कुत्रा नातेवाइकांकडे ठेवतो' असे म्हटल्यावरही नकारच आला, तर अडचण कुत्र्याची नव्हती हे उघड आहे.

आता कायद्याचे पाहू. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 26 फेब्रुवारी 2015 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. घरमालकाची गोष्ट निराळी. तो आपल्या करारात अट घालू शकतो आणि आपण सही केली की ती अट पाळावी लागते. म्हणून 'सोसायटीत चालत नाही' असे एजंट म्हणाला, तर शांतपणे विचारावे : मालकांचे स्वतःचे म्हणणे काय?

मालक राजी झाले, तर कुत्रा किंवा मांजर घरात राहील, हे करारातच लिहून घ्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तोंडी 'चालेल हो' पुढे वाद झाला की कोणाच्याच लक्षात राहत नाही.

जनावर लपवून आत नेऊ नये. पहिल्याच भेटीत सांगावे. रेबीजच्या लशीची नोंदवही सोबत न्यावी, महापालिकेचा परवाना काढावा. मोडतोड झाली तर भरून देऊ, असे आपणहून म्हणावे. जिन्यात घाण झाली तर आपणच पुसावी. मुदत संपायच्या दोन महिने आधीच शोध सुरू करावा. शेवटच्या आठवड्यात घर शोधणारा मिळेल त्या अटीवर सही करतो आणि त्याची किंमत मुके जनावर मोजते.

एवढे करूनही जागा नाहीच मिळाली, तर गावाकडे किंवा ओळखीच्या घरी त्याची सोय लावावी. रस्त्यावर सोडू नये. उपाशी-तहानेले राहील अशा ठिकाणी जनावर सोडणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आपल्यासाठी तर त्याहून मोठे बंधन आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची आहे. म्हणूनच, ज्यांच्या घराचा भरवसा नाही त्यांनी पिल्लू आणण्यापूर्वीच दहादा विचार करावा.

याच मीरा-भाईंदरच्या महापालिकेने 2015 साली पर्युषणात 8 दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता. दुसऱ्याच्या ताटावर बंदी घालून दया सिद्ध होत नाही. ती आपल्या उंबऱ्याच्या आत दिसली पाहिजे.

आणि शेवटी आपल्याच बांधवांना विनंती. ज्यांनी कर्ज काढून दुसरी खोली घेतली आणि भाड्याने दिली, त्यांच्या दारातही एखादे कुटुंब कुत्र्याला घेऊन उभे राहील. नाही म्हणण्यापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकून घ्या, अटी ठरवा, कागदावर लिहा. घर नाकारले जाण्याचे दुःख आपल्याइतके कोणाला कळणार?

जयभीम! नमो बुद्धाय!