पुलाच्या चढावर

अमेरिकेत शिकणारी आपली मुलं सुट्टी मिळाली की नायगारा गाठतात, नाहीतर लास व्हेगास. या अंकातल्या मुख्य लेखाची विद्यार्थी-लेखिका मैत्रिणींसोबत भाड्याची गाडी काढून अलाबामात गेली. ‘तिथे काय आहे बघण्यासारखं?’ हे विचारणारे तिलाही भेटलेच.

बर्मिंगहॅमच्या चर्चबद्दल ती थोडक्यात लिहिते. १९६३च्या बॉम्बस्फोटात तिथे चार मुली गेल्या. सेल्माच्या पुलाचा भाग मात्र सावकाश वाचा. पूल मधोमध उंच आहे. माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं दिसत नाही. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सुमारे ६०० जणांना लाठ्या घेतलेले पोलीस दिसले ते तिथून. तरी ते पुढे गेले. तरुण जॉन लुईस यांची कवटी फुटली. ती मारहाण टीव्हीवरून घराघरांत पोचली आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला.

पुलाला आजही एडमंड पेटस यांचंच नाव आहे. हे गृहस्थ गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचे सेनानी, पुढे सिनेटर. लेखिकेला ती पाटी उतरवावीशी वाटते. आम्हाला नाही, ती राहू द्यावी, असं खुद्द लुईस यांनीही लिहिलं होतं. वाचकांनी आपलं मत जरूर कळवावं.

सेल्मा ते माँटगोमेरी, ५४ मैल. मोर्चाने ते अखेर पाच दिवसांत पार केले, मुलींनी तासाभरात. वाटेतल्या मुक्कामांचा नकाशा लेखासोबत आहे.