कागद देणारे आणि भिंत पाडणारे

बृहन्महाराष्ट्रातील आमच्या मंडळांतून एक वाक्य फार ऐकू येते: ‘इथे बघण्यासारखे काही नाही हो!’ बदलीच्या गावी तीन वर्षे काढलेला, गणेशोत्सवात दोन नाटके बसविलेला, कोजागरीचे दूध आटविलेला गृहस्थ हे इतक्या सहजतेने उच्चारतो की, त्या गावात जन्मून तिथेच देह ठेवणाऱ्या हजारो माणसांनी आजवर केले तरी काय, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतही नाही. या वाक्याशी आमचे भांडण आहे.

उत्तर बिहारातील मधुबनीचेच पाहा. १९३४ च्या भूकंपात तिथली घरे कोसळली, तेव्हा नुकसानीची पाहणी करणाऱ्या डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला पडक्या घरांच्या आतल्या भिंती दिसल्या. कोहबराची, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीची, ती चित्रे घरच्या बायकांनी काढलेली होती. १९४९ साली त्याने ‘मार्ग’ या नियतकालिकात त्यांविषयी लिहिले. नुकसानीचे आकडे मांडून तो परतला असता तर कोणीही त्याला बोल लावला नसता. पुढे १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी त्याच भागात गेले. त्यांनी बायकांना कागद दिला. चित्रांचे पैसे घरात येऊ लागले.

आमच्या सभांतून ही हकिगत ‘मराठी माणसाने मधुबनी जगापुढे आणली’ अशा थाटात सांगितली जाते. कुलकर्ण्यांविषयी आम्हांला आदर आहे. पण कागद बाजारातही मिळतो, त्यावर काढायचे काय ते त्या बायकांपाशी होते. आणि खरी हकिगत कागदानंतर सुरू होते, ती मात्र कोणी सांगत नाही. जितवारपूरच्या सीतादेवींनी आपल्या नावाचे सारे वजन गावाला रस्ता, वीज आणि शाळा मिळावी म्हणून खर्च केले. त्याच गावच्या दुसाध समाजातील स्त्रियांनी अंगावरचे गोंदण कागदावर उतरविले आणि आपल्या राजा सलहेसाची कथा रंगविली. वरच्या जातींची म्हणून ओळखली जाणारी कला अशा रीतीने त्यांचीही झाली, आणि २०२४ साली शांतीदेवी व शिवन पासवान या दांपत्याला पद्मश्री मिळाली. मल्लाह समाजातील दुलारीदेवी तर चित्रकर्त्यांच्या घरी घरकाम करता करता शिकल्या. २०२१ साली त्यांनाही तोच सन्मान लाभला. २०१२ साली तिथल्या चित्रकारांनी रस्त्याकडेच्या झाडांवर देवदेवता रंगविल्या, हेतू हा की, कुऱ्हाड उचलणाऱ्याचा हात थबकावा. असा परिणाम साधण्यास किती परिपत्रके काढावी लागली असती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. त्या कामाचा अनुभव त्यांना आमच्याहून दांडगा आहे.

आता सरकारी खात्यांची वागणूक पाहा. २०१७ साली मधुबनी स्थानकाच्या भिंती शंभराहून अधिक स्थानिक कलावंतांनी रंगविल्या. २०१८ च्या रेल्वेस्थानक-सुशोभन स्पर्धेत त्या स्थानकाला दुसरे बक्षीस मिळाले (पहिले आमच्या चंद्रपूर-बल्लारशाला, म्हणून आम्हीही खूश झालो). परंतु त्या कलावंतांनी काम केले ते विनामोबदला. त्याला ‘श्रमदान’ असे गोड नाव आहे. महिनाअखेरीस आपल्या वेतनाचे दान करणारा अधिकारी आमच्या पाहण्यात अद्याप आलेला नाही.

याहून दुःखद गोष्ट दिल्लीची. कर्करोगावर उपचार घेत असताना गंगादेवींनी तिथल्या हस्तकला संग्रहालयात कोहबर रंगविले. १९९१ साली त्या वारल्या. २०१५ च्या सुमारास नूतनीकरणाच्या कामात ते नष्ट झाले. आर्चरच्या वेळी भिंती भूकंपाने पाडल्या होत्या. या वेळी, कलेच्या रक्षणासाठीच स्थापन झालेल्या घरात, भूकंपाची गरज पडली नाही.

यावर आमचे बांधव म्हणतील, ‘आम्ही नोकर माणसे, तीन वर्षांचे पाहुणे; कलेच्या भानगडीत पडणे हे आमचे काम नव्हे.’ हा बचाव लटका आहे. भिंतीला चुना फासण्याचा हुकूम, झाड तोडण्याची परवानगी, सभागृहाचे भाडे, बिलावरची सही, ही सारी कामे याच पाहुण्यांच्या टेबलावरून होतात. त्या सहीने गावातल्या नाटकवाल्याचा तालमीचा हॉल जातो किंवा राहतो. आश्रयदाते व्हा, असे आम्ही म्हणत नाही. आश्रयदात्यांनी कलावंतांना पुष्कळ नाचविले आहे. त्या माणसांचे काम पाहावे, तेवढ्यापुरती त्यांची भाषा शिकावी आणि कामाचे दाम चुकते करावेत, इतकीच आमची मागणी आहे.

सुरुवात मंडळांपासून होऊ द्या. येत्या गणेशोत्सवाचे मखर पुण्याहून मागविण्याआधी कार्यकारिणीने गावातल्या चित्रकाराला चहाला बोलवावे, मजुरी आधी ठरवावी, आणि ती विसर्जनापूर्वी द्यावी.