मीटरपासून दारापर्यंतची वायर

जुन्या इमारतीत फ्लॅट घेतला की रंग, फरशी, स्वयंपाकाचा ओटा यांवर आपण हौसेने खर्च करतो. घरातले वायरिंगही नवे करून घेतो. पण तळमजल्यावरच्या मीटरपासून जिन्याच्या कडेने आपल्या दारापर्यंत येणारी मेन वायर बहुधा जुनीच राहते. साऱ्या घराची वीज मात्र तिच्यातूनच येते.

गिरगाव-दादरची इमारत असो की इंदूर-बडोद्याची, ही वायर टाकली तेव्हा घरात चार दिवे, दोन पंखे आणि फार तर एक इस्त्री असे. आज तिच्यावर एसी, गिझर, मायक्रोवेव्ह यांचा भार पडतो. ताकदीपेक्षा जास्त वीज वाहिली की वायर तापते, वरचे आवरण कडक होऊन तडकते आणि आगीला निमित्त मिळते. गिझर लावताच दिवे मंद होत असतील, मेन स्विच गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर वायरमनला लगेच बोलवा.

आधी हिशेब मांडा

दीड टनाचा एसी सुमारे १,७०० वॉट, गिझर २,०००, मायक्रोवेव्ह १,२००, इस्त्री १,०००, वॉशिंग मशीन ५००, फ्रिज २०० आणि दिवे-पंखे-टीव्ही मिळून ६००. बेरीज झाली ७,२०० वॉट. सगळे एकाच वेळी चालत नाही, म्हणून ५,५०० धरा. त्याला २३० व्होल्टने भागले की सुमारे २४ अँपियर येतात.

पाइपातून नेलेली ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण २४ अँपियर पेलते, ६ ची ३१ आणि १० ची ४२. म्हणजे या घराला ४ ची वायर अगदी काठावर बसते. ६ ची घ्यावी. दुसरा एसी येणार असेल, किंवा एकाच पाइपातून शेजाऱ्यांच्याही वायरी जात असतील, तर १० ची बरी. अंतरही पाहा. मीटर ३० मीटर लांब असेल, तर २४ अँपियरला ४ च्या वायरीत सात व्होल्ट वाटेतच जातात, ६ च्या वायरीत पाच. मजुरी जवळपास तेवढीच पडते, तेव्हा एक माप जाड घेण्यात शहाणपण आहे.

या गोष्टी विसरू नका

जुनी मेन वायर अनेकदा अॅल्युमिनियमची असते. तिला तांब्याची वायर नुसती पिळून जोडली, तर जोड सैल होतो आणि तापतो. शक्यतो मीटरपासून घरापर्यंत तांब्याची अखंड वायर घ्या. तिच्यावर आयएसआय चिन्ह आणि सहज पेट न घेणारे, म्हणजे एफआर, आवरण असल्याची खात्री करा.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणे हा सर्वांत धोक्याचा उपाय. एमसीबी वायरीचा पहारेकरी आहे. तो वायरीच्या ताकदीपेक्षा मोठा असता कामा नये. जुन्या फ्यूजमध्ये जाड तार घालणेही तितकेच वाईट.

बऱ्याच जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल या दोनच वायरी येतात. नवे काम करताना तिसरी, हिरवी अर्थिंगची वायर त्याच जाडीची टाकून घ्या. सोबत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवा. गिझरच्या नळाला ओला हात लागला आणि वीज गळत असली, तर जीव वाचवणारे हेच दोघे.

शेवटी विजेच्या बिलावरचा ‘मंजूर भार’ पाहा. तो कमी असेल, तर वीज कंपनीकडे आधी वाढवून घ्या. मीटरचे सील तोडू नका आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. फरशी पुढच्या वर्षी बदलता येईल. ही वायर मात्र राहायला जाण्यापूर्वी बदला.