यकृत प्रत्यारोपणानंतर गोळ्या किती दिवस?

यकृत प्रत्यारोपण होऊन दोन-तीन वर्षं झाली की नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, आता सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तब्येत छान आहे. मग या गोळ्या अजून किती दिवस?" बहुतेक रुग्णांसाठी याचं उत्तर 'आयुष्यभर' असंच आहे. माझ्या मते हे उत्तर ऑपरेशनच्या आधीच, खर्चाच्या आकड्यासकट, घरातल्या सगळ्यांना स्पष्ट सांगायला हवं.

आपल्या प्रत्येक पेशीवर काही विशिष्ट प्रथिनं असतात. ती म्हणजे पेशीचं ओळखपत्रच. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी हे ओळखपत्र सतत तपासत असतात. नव्या यकृताच्या पेशींवर दात्याचं ओळखपत्र असतं आणि ते दहा वर्षांनीही दात्याचंच राहतं. "पण यकृत तर सख्ख्या भावाने दिलंय," असं अनेकजण म्हणतात. आपल्या देशात बहुतेक यकृत प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडून, तीही नात्यातूनच होतात. पण रक्ताचं नातं असलं तरी ओळखपत्र तंतोतंत सारखं नसतं. हुबेहूब जुळी भावंडं सोडली, तर औषधं लागतातच.

ही औषधं किती महत्त्वाची आहेत, ते इतिहासातून कळतं. डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेत माणसावर पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं, पण तो रुग्ण वाचला नाही. पुढची अनेक वर्षं बहुतेक रुग्ण वर्षभरही जगत नसत. १९८०च्या सुमारास सायक्लोस्पोरिन आणि नंतर टॅक्रोलिमस आलं, तेव्हा हे चित्र पालटलं. प्रतिकारशक्तीला आवर घालता आला, म्हणून हे ऑपरेशन नेहमीचा उपचार बनू शकलं.

यकृत हा तसा सोशिक अवयव आहे. मूत्रपिंडासाठी ऊती जुळवून पाहतात. यकृतासाठी सहसा रक्तगट आणि आकार जुळला तरी चालतं. पण या सोशिकपणामुळेच आपण गाफील राहतो. पहिल्या काही महिन्यांत शरीराने यकृत नाकारायला सुरुवात केली, तर बहुतेक वेळा स्टिरॉइडने ते आटोक्यात येतं. काही वर्षांनंतर सुरू होणारा हल्ला मात्र संथ आणि चिवट असतो. प्रतिकारशक्ती यकृतातल्या बारीक पित्तनलिका आणि रक्तवाहिन्यांवर मारा करते. पित्तनलिका एकेक करून नाहीशा होतात, पित्त साचतं, खाज सुटते, कावीळ होते. काहींच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि यकृतात हळूहळू व्रणासारखी कठीण ऊती साठत जाते. अशा वेळी नेहमीची लिव्हर टेस्ट बराच काळ नॉर्मल दिसू शकते. पित्तनलिका एकदा मोठ्या प्रमाणात गेल्या की बऱ्याचदा दुसऱ्या प्रत्यारोपणाशिवाय इलाज उरत नाही.

टॅक्रोलिमससारखी औषधं नियमित घेणाऱ्यांमध्ये असा शेवट आज क्वचितच होतो. धोका असतो तो डोस चुकवण्यात, परस्पर बंद करण्यात आणि नकळत इतर औषधं मिसळण्यात. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं रक्तातलं टॅक्रोलिमस झपाट्याने कमी करतात. उलट क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोलमुळे ते इतकं वाढतं की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून सर्दी-खोकल्यासाठी गेलात तरी डॉक्टरांना आधी सांगा, "माझं प्रत्यारोपण झालंय."

दुसरी गोष्ट 'इम्युनिटी बूस्टर'ची. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, हा समज कोविडच्या काळात घरोघरी पोचला. गुळवेलीचे काढे घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवलं. त्या रुग्णांचं प्रत्यारोपण झालेलं नव्हतं. मग ज्यांची प्रतिकारशक्ती आपण मुद्दाम लगाम घालून ठेवली आहे, त्यांनी ती 'वाढवणारं' काहीही घेणं मला अजिबात मान्य नाही. मग ते घरचं असो वा दुकानातलं.

या औषधांचे तोटेही खरे आहेत. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास, जंतुसंसर्ग आणि काही कॅन्सर यांचा धोका वाढतो. नवं यकृत निकामी होण्यामागे दर वेळी प्रतिकारशक्तीच असते असंही नाही. मूळ आजार, चरबी किंवा दारू हीसुद्धा कारणं असतात. म्हणूनच प्रत्यारोपणतज्ज्ञ काळानुसार डोस कमी करत नेतात. काही निवडक रुग्णांची औषधं पूर्ण बंदही करता आली आहेत, पण ती सतत तपासण्या आणि बायॉप्सी करून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. घरी बसून हा प्रयोग करायचा नसतो.

गोळ्या थांबवणारे सगळेच निष्काळजी नसतात. ऑपरेशनसाठी गावभर वर्गणी जमते, ट्रस्ट मदत करतात. पाचव्या वर्षीच्या गोळ्यांसाठी आणि औषधाची रक्तातली पातळी तपासायला कुणी वर्गणी काढत नाही. मग आधी तपासणी लांबते, नंतर दिवसाच्या दोन गोळ्यांची एक होते. प्रत्यारोपणासाठी मदत करणाऱ्या संस्थांनी आणि योजनांनी हा पुढचा खर्चही ऑपरेशनचाच भाग मानायला हवा. एका माणसाने पोटावर चिरा घेऊन आपल्या यकृताचा तुकडा दिलेला असतो. तो पैशाअभावी वाया जाणं मला मान्य नाही.

घरात प्रत्यारोपण झालेलं कुणी असेल, तर आज त्यांची गोळ्यांची डबी आणि शेवटच्या तपासणीची तारीख पाहा. गोळ्या परवडत नसतील, तर गप्प राहून कमी करू नका. आधी डॉक्टरांना सांगा, काहीतरी मार्ग काढता येतो.