दहा मिनिटांचा थांबा

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात नॉर्थ प्लॅट नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या रेल्वे स्टेशनवर गावकऱ्यांनी सैनिकांसाठी कॅन्टीन चालवलं. नेटवर ही गोष्ट बरेचदा सापडते, पण नेहमी सुरुवातीलाच अडकते.

17 डिसेंबर 1941. पर्ल हार्बरला दहा दिवस झालेले. आपली पोरं गाडीने जाणार म्हणून लोक खाऊ घेऊन स्टेशनवर उभे. गाडी आली, तर आत पोरं कान्ससची! दोन्हीकडे 'डी कंपनी', त्यामुळे झालेला घोळ. मग खाऊ त्यांनाच दिला. दुकानात काम करणाऱ्या रे विल्सनने पेपरात पत्र लिहून कॅन्टीनची कल्पना मांडली आणि नाताळच्या दिवशी ते सुरूही झालं.

डोळ्यांत पाणी वगैरे येतं, मान्य. पण एक दिवस खाऊ कोणीही वाटेल हो! मला विचाराल तर खरी गोष्ट पुढच्या सव्वाचार वर्षांची आहे.

वस्ती साधारण 12,000. इंजिनात पाणी भरेपर्यंत गाडी थांबणार जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात डबेच्या डबे रिकामे होणार, प्रत्येकाला सँडविच, कॉफी, केक मिळणार आणि सगळे परत गाडीत! गर्दीच्या दिवसांत अशा वीसेक गाड्या, 3 ते 5 हजार सैनिक. गाड्यांच्या वेळा गुप्त. साखर रेशनवर, तरी ज्याचा वाढदिवस त्याला अख्खा केक. सरकारी पैसा शून्य.

एवढ्या लोडला आमचे सर्व्हर झोपतात. हे कॅन्टीन झोपलं नाही, कारण आजूबाजूच्या सव्वाशे गावांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. आज या गावाच्या बायका, उद्या त्या. 1 एप्रिल 1946 ला बंद होईपर्यंत सुमारे 60 लाख सैनिक इथून खाऊन गेले. ही भावना नाही, हे नियोजन आहे, आणि त्याचं कौतुक कोणी करत नाही.

1971 मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या. 1973 मध्ये युनियन पॅसिफिकने स्टेशन पाडलं. याच गावात त्यांचं बेली यार्ड आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या यार्डांपैकी एक, म्हणजे जागेची चणचण होती असंही नाही. आता तिथे छोटंसं स्मारक आहे. पण फलाटापासून टेबलं किती पावलांवर होती, दारातून एका वेळी किती जण आत शिरत, दहा मिनिटं पुरायची कशी, हे फलकावर कसं कळणार? त्यासाठी ती इमारतच हवी होती.