गल्ल्यामागची तसबीर आणि वहीतली उधारी

नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा, असा उपदेश आजकाल प्रत्येक व्यासपीठावरून होतो. करणारा बहुधा सरकारी गाडीतून आलेला असतो आणि ऐकणारी आपली पदवीधर पोरे असतात. अनुशेषाच्या जागा भरायच्या नाहीत, भरल्या तर कंत्राटी भरायच्या, कंत्राटात आरक्षण पाळायचे नाही आणि वर आम्हालाच सांगायचे की धंदा करा! हा उपदेश कोणत्या तोंडातून येतो हे समाजबांधवांनी विसरू नये. आरक्षणाची लढाई सोडून दुकान टाका, असे सांगणाऱ्याचा डाव ओळखला पाहिजे.

एवढे बजावून आता दुसरी बाजू सांगतो. मी स्वतः नंदुरबारात अनेक वर्षे एकट्याने छपाईचा धंदा करतो आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, हँडबिले. नोकर नाही, भागीदार नाही. शटर मीच उघडतो, शाई मीच भरतो, वसुलीलाही मीच जातो. आजारी पडलो तर दुकान बंद आणि त्या दिवसाची चूलही अर्धी बंद. पगारी रजा, भविष्य निर्वाह निधी, पेन्शन हे शब्द मी फक्त दुसऱ्यांच्या पावत्यांवर छापतो.

तरीही हा धंदा मी सोडला नाही. याचे कारण पैशात नाही, भावात आहे. आमच्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामे केली, पण आपल्या कष्टाचा भाव त्यांनी कधी सांगितला नाही. तो गाव ठरवायचे आणि बलुते म्हणून पदरात टाकायचे. महार वतनाच्या या बेड्या तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्षात रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. ज्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या भाव सांगता आला नाही, त्या घरातला माणूस भिंतीवर दरपत्रक लावतो, तेव्हा ती नुसती जाहिरात नसते. माझ्या दुकानात पहिले दरपत्रक लागले तेव्हा माझे वडील ते किती वेळ वाचत उभे होते, ते मला आठवते.

पण स्वतःचा धंदा म्हटले की भाव आपल्या हाती येतोच, असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात पाहा. सातपुड्यातल्या आदिवासी मायबहिणी उन्हाळ्यात कैऱ्या उतरवतात, सोलतात, काप करून वाळवतात आणि आमचूर घेऊन मोलगी, धडगावच्या बाजारात येतात. झाड त्यांचे, श्रम त्यांचे, मालक कोणी नाही. कागदावर त्या पक्क्या उद्योजक! पण भाव कोण सांगतो? तराजूमागे बसलेला व्यापारी. माल परत डोंगरावर नेणे परवडत नाही, हे त्यालाही माहीत असते. साठवायला जागा नाही, थांबायला पैसा नाही, म्हणून पडेल त्या भावाने विकायचे. शहाद्यात १९७०च्या दशकात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने सालदाराच्या मजुरीचा आणि बळकावलेल्या जमिनींचा प्रश्न उभा केला, तेव्हा समोर मालक दिसत होता. त्याच्या वाड्यावर मोर्चा नेता येत होता. एकट्या धंदेवाल्याने मोर्चा कोणावर न्यायचा?

भांडवलाचे तर सांगायलाच नको. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या बीज भांडवल योजनेत २० टक्के महामंडळाचे, ५ टक्के आपले आणि ७५ टक्के बँकेचे. म्हणजे चावी बँकेच्या हाती. महामंडळ शिफारस करते, बँक 'बघू' म्हणते. २०१६ साली स्टँड अप इंडिया आली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि किमान एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यावे, अशी ती योजना. मार्च २०२५ पर्यंत तिची मुदत होती. तुमच्या गावच्या शाखेने त्या नऊ वर्षांत किती जणांना कर्ज दिले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला काय हरकत आहे? २०२३ची विश्वकर्मा योजना आणखी वेगळी. अठरा धंद्यांची यादी, त्यात चांभार, न्हावी, धोबी, कुंभार आणि वर गुरू-शिष्य परंपरेचे गुणगान. बापाचाच धंदा पोराने करावा म्हणून सरकार कर्ज देणार! बाबासाहेबांनी खेडे सोडा म्हणून का सांगितले होते, ते या मंडळींनी एकदा वाचावे.

आता तसबिरीचा विषय. धंदा सुरू केला तेव्हा एका हितचिंतकाने सल्ला दिला, "गल्ल्यामागे बाबासाहेबांचा फोटो लावू नकोस, गिऱ्हाईक तुटेल." तो आपलाच माणूस होता आणि खोटेही बोलत नव्हता. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार ६९ टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत, आपला समाज मूठभर आहे. फक्त आपल्या लोकांच्या पत्रिका छापून माझे घर चालणार नाही. मी फोटो लावला. गिऱ्हाईक तुटले का? काही तुटले. लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आलेला माणूस भिंतीकडे पाहतो, "घरी विचारून येतो" म्हणतो आणि येत नाही. कोणी भांडत नाही, शिवी देत नाही. कायद्याच्या कलमात हे बसत नाही.

हे माझ्या वाट्याला आले म्हणून मी रडत नाही, कारण ते कोणाच्या वाट्याला आले होते हे मला ठाऊक आहे. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस! सल्ला चांगला होता तोवर गिऱ्हाईक आले. सल्लागार महार आहे हे कळले आणि यायचे थांबले. दुकान बंद करावे लागले. १९२३ साली बॅरिस्टर होऊन आले, तर सनदेच्या पैशांसाठी मित्र नवल भथेनांकडे हात पसरावा लागला. सॉलिसिटर मंडळी कामे देईनात म्हणून १९२५ ते १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालवले. पण वकिली सोडली नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून कामे केली. ३१ जुलै १९३७ रोजी ते धुळ्याला आले तेही खटल्याच्या कामासाठीच. तेव्हा आपले नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यातच होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्या तारखेला आजही आपण जमतो, अभिवादन करतो. पण तिथे आलेला तो माणूस स्वतःच्या व्यवसायावर पोट भरणारा वकील होता, हे भाषणात कोणी सांगत नाही. जोतीराव फुले कंत्राटदार होते, पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे भागीदार होते, हेही असेच राहून जाते.

शेवटी आपल्याच घरातले बोलतो, राग आला तरी चालेल. मनुवादी गिऱ्हाईक आले नाही तर माझे नुकसान एका पत्रिकेचे होते. आपला माणूस येतो, "जय भीम" करतो, दोन हजार हँडबिले नेतो आणि म्हणतो, "देसू ना भाऊ!" ती उधारी दिवाळीपर्यंत येत नाही. तोच माणूस बाजारपेठेतल्या शेठकडे फ्लेक्स करतो तेव्हा पैसे मोजून देतो, कारण शेठ उधार देत नाही. वर एप्रिल आला की वर्गणीची पावती सगळ्यात आधी माझ्या गल्ल्यावर फाटते. वर्गणी मी देतो, आनंदाने देतो. पण ज्याने कालचे बिल थकवले, त्यानेच आज "तुम्ही व्यावसायिक, तुमचे पाच हजार" म्हणावे?

यंदा जयंतीच्या आधी मी दरपत्रकाखाली एक ओळ वाढवली : निम्मे पैसे आगाऊ, ओळखीच्यांनाही. दोन मंडळे रागावून दुसरीकडे गेली. तीन मंडळांनी आगाऊ रक्कम दिली. त्यातल्या एका मंडळाच्या पोरांनी वहीतली मागच्या दोन वर्षांची बाकीही चुकती केली आणि पावती मागून घेतली.